सूर्याच्या घोड्याचा पाय

पांघरूण घ्या, पाय आत घ्या. हं. तर नीरेच्या काठी राहायची एक धनगरीण. नाव तिचं बायजाक्का. अंगानं काटकुळी, पण जिभेनं तिखट हो! आणि हाताला मोठा गुण. मेंढराचा पाय मोडला, की दोन्ही हातांनी चाचपायची, हाड ओढून जागेवर बसवायची, बांबूच्या कामट्या लावायची, वरून लोकरीचा दोर गुंडाळायची. मग म्हणायची, "आता गप ऱ्हा." आणि मेंढरू बरं व्हायचं, बरं का.

एकदा काय झालं, दिवाळी सरली. दिवाळी सरली की धनगर कळप घेऊन कोकणात उतरतात. बांधाबांध झाली. सकाळी निघायचं. आणि त्याच संध्याकाळी सूर्यनारायणाचा रथ घाटाच्या कड्यावरून मावळतीला उतरत होता. सात घोडे रथाला. त्यातला सगळ्यात धाकटा केशऱ्या. त्याचा पाय अडकला खडकाच्या फटीत. कडाड! आणि पडला तो थेट बायजाक्काच्या मेंढरांत. अंग असं तापलेलं, की खालचं गवत करपलं.

सूर्यनारायण रथातून उतरला. डोक्यावर सोन्याचा मुकुट, कानात सोन्याची कुंडलं. म्हणाला, "बाई, बाजूला हो. पाय मोडलेला घोडा रथाला चालत नाही. असा घोडा आम्ही विझवतो."

"इझवतो म्हंजे?"

"दिव्यावर फुंकर घालतात ना, तसं."

केशऱ्या बायजाक्काकडे बघत होता. डोळ्यांतून पाण्याची धार. तिला फार वाईट वाटलं. आणि रागही आला. "देवा, फुंकर ऱ्हाऊ दे तोंडातच," ती म्हणाली. "मला बघू दे आधी."

तिनं ओली घोंगडी केशऱ्यावर टाकली. पाय चाचपला. म्हणाली, "नळी मोडलीया, पर एकाच जागी. जुळंल. तवर सहा घोड्यांवर रथ हाक."

"किती दिवस?"

"ते हाड सांगंल."

"आणि नाही जुळलं तर?"

"तर तुझी फुंकर हायच. पर जुळंल."

तिची माणसं म्हणाली, "अगं आक्के, कळप चालला की!" ती म्हणाली, "तुम्ही व्हा पुढं. ह्याला असा टाकून मला घास गिळायचा न्हाई." माणसं गेली. राहिली बायजाक्का, केशऱ्या आणि दोन म्हाताऱ्या मेंढ्या.

मग तिनं हाड बसवलं, कामट्या बांधल्या. बांबूच्या बांधल्या, जळून गेल्या. बाभळीच्या बांधल्या, त्याही गेल्या. विस्तवाचा घोडा तो! मग बायजाक्का कपाळाला हात लावून बसली का? छे! तिनं केशऱ्याला धरून, लंगडत लंगडत नदीच्या डोहात नेलं. पोटापर्यंत पाण्यात उभं केलं. अंग निवलं. भारही पाण्यानं पेलला. मग हाडसांधीचा वेल ठेचून पायावर थापला आणि तिसऱ्यांदा कामट्या बांधल्या. त्या टिकल्या. सकाळी बघावं तर डोहावर ही वाफ! थंडीत नदीवर धूर दिसतो ना, तोच तो.

इकडे सहा घोडे लवकर दमायचे. मग रथ निघायचा उशिरा आणि घरी जायचा लवकर. दिवस झाला एवढासा. रात्र झाली ही लांब.

सूर्यनारायणाला कुठला दम! एक दिवस बायजाक्का पाला आणायला गेली, तसा हा हळूच डोहावर आला. हाड जुळलं का बघावं म्हणून त्यानं दोर सोडला. सोडला, आणि हाड सरकलं. केशऱ्या किंचाळला. बायजाक्का धावत आली. आता देव असला म्हणून काय झालं, तिनं त्याला सोडलं नाही. "पेरलेलं बी उकरून बघत्यात व्हय रे? एवढं जग बघतोस वरनं, तुला कुणी शिकवलं न्हाई? ये हिकडं. त्याचं डोकं धर." सूर्यनारायणानं मुकाट्यानं केशऱ्याचं डोकं छातीशी धरलं. बायजाक्कानं पाय पुन्हा ओढला. ती रडत होती, पण हात हलला नाही तिचा. हाड जागेवर बसलं.

मग दुसऱ्यांदा आला. लांबूनच म्हणाला, "आक्का, लोक कुरकुरतात. कपडे वाळत नाहीत म्हणतात. जुंपू का?" ती म्हणाली, "न्हाई." गेला बिचारा.

तिसऱ्यांदा आला. केशऱ्याची आयाळ कुरवाळत नुसता उभा राहिला. तो दिवस संक्रांतीचा. बायजाक्कानं पाय चाचपला, हसली आणि दोर सोडला. पाय सरळ, पण मोडल्या जागी एक गाठ.

सूर्यनारायणाचं तोंड उतरलं. "ही खोट गं. माझ्या घोड्याला खोट चालत नाही."

"खोट न्हाई ती," बायजाक्का म्हणाली. "म्या नुसतं धरून ठेवलं. जोडलं त्याचं त्यानं. ती त्याची मेहनत हाय. हात लावून बघ."

त्यानं हात लावला. गाठ दगडासारखी घट्ट. सूर्यनारायण खाली बसला आणि त्यानं त्या पायावर डोकं टेकलं.

पण लगेच नाही हो जुंपला! आधी काठापर्यंत चालवला. मग बांधापर्यंत. मग माळापर्यंत. रोज तीळ तीळ जास्त. दिवसही तसाच तीळ तीळ वाढत गेला. मग आली रथसप्तमी. केशऱ्याला रथाला जुंपलं. बायजाक्कानं अंगणात गोवऱ्यांवर दूध ठेवलं होतं, पण तिचं लक्ष सगळं आभाळात. समोर उभा चढ. घोडे दमले. रथ थबकला. तिचा जीव खालीवर. आणि केशऱ्यानं मान खाली घातली, गाठीच्या पायावर जोर दिला आणि ओढला की रथ! रथ वर गेला. इकडे दूध गेलं उतू. बायजाक्का टाळ्या पिटत होती, तिला कशाला भान! म्हणून तर रथसप्तमीला दूध उतू जाऊ देतात.

थंडी पडली की केशऱ्याचा पाय अजून ठणकतो. जुनं दुखणं ना. मग सूर्यनारायण स्वतः त्याला सोडतो, डोहावर आणतो, पाण्यात उभा करतो. म्हणतो, "तू थांब रे बाळा, हे सहाजण ओढतात." म्हणून थंडीत दिवस लहान. लोक कुरकुरले तर कुरकुरू देत, म्हणतो.

तर केशऱ्या सुखात, बायजाक्का सुखात, तिची मेंढरं सुखात. आता तुम्ही डोळे मिटा. उद्याचा दिवस लहान आहे.