निक्केईचा भाजक

२३ फेब्रुवारी २०२४, शुक्रवार. पहाटे गारवा. दहानंतर कोरडे ऊन, वारा अजिबात नाही.

“मग तो आकडा हलला का नाही, भंते?”

विश्वदीप गजभिये उभ्यानेच बोलत होते. चपला दाराशी काढल्या होत्या, खांद्यावरची बॅग मात्र तशीच होती. पवनीहून नागपूरची बस पाचला सुटते. तिने जायचे आणि या विहारात पुन्हा पाय ठेवायचा नाही, हे सांगायला ते आले होते.

भंते शीलरत्न खिडकीखाली बसले होते. उद्या माघ पौर्णिमा. वंदनेसाठी पहिली ओळ घालून झाली होती, बाकीची आसने घालायची होती, म्हणून लहानू रामटेके एका आसनाची उसवलेली कड शिवत बसले होते.

“कुठला आकडा?” भंत्यांनी विचारले.

“निक्केईचा. जपानच्या शेअर बाजाराचा निर्देशांक.” विश्वदीपांनी वर्तमानपत्र पुढे टाकले. “चौतीस वर्षांपूर्वीचा उच्चांक काल मोडला म्हणे. जो तो म्हणतोय, जपान परत आला. कोण परत आलं? माझी कंपनी आली?”

ओसाकाजवळ पंप बनवणाऱ्या एका कंपनीत विश्वदीप एकोणीस वर्षे होते. कंपनी निक्केईच्या यादीत होती. मग तिला यादीतून काढले, आणि पुढे कंपनीने विश्वदीपांना. ते पवनीला परतले. आवाज खडा, पाली उच्चार स्वच्छ. घंटेजवळच्या पहिल्या आसनावर बसून सहा वर्षे त्यांनीच वंदना सांगितली.

“मीही ओसाकात राहिलो,” भंते म्हणाले. “तिथल्या विहाराशेजारच्या चहावाल्याकडे रेडिओवर रोज ऐकायचो. निक्केई वर, निक्केई खाली. काय ते कधी कळलं नाही. सांगा.”

“सव्वादोनशे कंपन्या. प्रत्येकीच्या एका शेअरची किंमत घ्यायची, सगळ्यांची बेरीज करायची, एका भाजकाने भागायची. झाला निक्केई.”

“कंपनी किती मोठी, माणसं किती…”

“कोण विचारतो! शेअर महाग पाहिजे, बस. कपडे विकणाऱ्या एका कंपनीचा शेअर घसरला की अख्खा निर्देशांक घसरतो. तिच्याहून कितीतरी मोठी मोटारींची कंपनी, तिला तेवढं वजन नाही. का, तर तिचा एक शेअर स्वस्त!”

“म्हणजे सरपंचाच्या घरचा एक, अन् आमच्या टोलीतले सारे मिळून अर्धा,” लहानूजी दोरा दाताने तोडत म्हणाले.

“तसंच, लहानूजी! तसंच!”

“आणि तुमच्या कंपनीला काढलं तेव्हा?” भंत्यांनी विचारले.

विश्वदीपांचा आवाज चढला.

“तेव्हाचंच तर सांगतोय. आदल्या दिवशी आम्ही होतो. दुसऱ्या दिवशी आमच्या जागी भलतीच कंपनी. आणि आकडा जिथल्या तिथे! कारण ते लोक भाजकच बदलतात. असा नेमका बदलतात की कंपनी गेल्याने आकडा तसूभर हलू नये. आमच्या कारखान्यात लोक रडत होते, भंते. मी टीव्हीवर आकडा बघत होतो. वाटलं, थोडा तरी खाली येईल. अर्धा येन तरी…”

भंत्यांनी वर्तमानपत्र जवळ ओढले.

“ही लबाडी नाही? माणसं गेली ते दिसू नये म्हणून गणितच बदलायचं?”

“गजभियेजी,” लहानूजी मान वर न करता म्हणाले, “हे जपानचं चालू हाये का आपल्या इकडचं?”

विश्वदीपांनी बॅग खाली आदळली.

“इकडचंच! मुलीच्या बाळंतपणाला पुण्याला गेलो. परत येतो तर माझ्या आसनावर विशाखाताई वासनिक! एक फोन नाही, विचारणं नाही. आणि सगळे आपले ताईंच्या मागे म्हणताहेत. एकाचाही सूर चुकत नाही! भंते, सहा वर्षं मी… मी नव्हतो, हे एकाला तरी कळलं का?”

भंते उठले. गुडघ्यावर हात ठेवत पहिल्या ओळीपाशी गेले. भिंतीपासून खांबापर्यंत आसने घातलेली होती. त्यांनी घंटेजवळचे आसन उचलून काखेत धरले. मग वाकून, एकेक करीत, उरलेली आसने थोडी थोडी सरकवली. बराच वेळ लागला. विश्वदीप मदतीला पुढे झाले, तर भंत्यांनी हातानेच थांबवले.

“ओळ केवढी झाली?”

“तेवढीच. भिंतीपासून खांबापर्यंत.”

“हाच भाजक?”

“हाच!” विश्वदीप जवळजवळ ओरडले. “हेच म्हणतोय मी! आणि तुम्ही भिक्षू असून हेच करता! शेअर बाजाराला निदान लाज नसते…”

भंत्यांनी काखेतले आसन त्यांच्या हातात दिले.

“तुमची कंपनी यादीत आली, तेव्हा कोणती गेली?”

“…ते मला कसं माहीत असणार?”

“एकोणीस वर्षं होता तिथे.”

“नाही माहीत.”

“आणि या आसनावर तुमच्या आधी कोण होतं?”

विश्वदीपांनी आसनाकडे पाहिले. मग खांबाकडे. मग भंत्यांकडे. भंते लहानूजींकडे पाहत होते.

लहानूजी सुईत दोरा ओवत होते. दोरा जात नव्हता. त्यांनी टोक ओले केले आणि पुन्हा ओवू लागले.

“तुम्ही?” विश्वदीप हळूच म्हणाले.

“हौ जी. नऊ वर्सं. तुमचं पाली चांगलं, माहं गावठी. तुम्ही आले अन् मी गेलो मांगं.”

“मला कोणीच सांगितलं नाही.”

“तुम्ही पुसलं कुठं?”

“राग आला नाही तुम्हाला?”

“आला ना! काऊन नाही येणार? दोन महिने मी वंदनेत तोंड नाही उघडलं. तुमच्या बरोब्बर मांगं बसत होतो, अन् व्हट शिवल्यावाणी चूप. म्हटलं, आता तरी हा माणूस वळून पायते का नाही.” लहानूजींनी सुई आसनात खुपसली. “तुमाले कळलंच नाही काय?”

विश्वदीपांच्या हातातले आसन खाली आले.

“नाही,” ते म्हणाले. “कळलं नाही.”

भंते खिडकीखाली जाऊन बसले. वर्तमानपत्राची घडी घातली.

“निक्केईलाही नाही कळलं,” ते म्हणाले.

विश्वदीप पाचच्या बसने गेले नाहीत. शनिवारी पौर्णिमेची वंदना विशाखाताईंनी सांगितली.