हळू बोलणारी सुईण

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा राजे होते, राण्या होत्या आणि मुलं घरातच जन्मत. गोष्ट बाळंतपणाची आहे, पण म्हणून पुरुषांनी उठून जायचं कारण नाही. त्यांनाही ती लागू पडते.

एका डोंगराळ गावात एक सुईण राहत असे. पंचक्रोशीतली निम्मी माणसं तिच्याच हातून जगात आली होती. हात कसबी, पण बाई फाटक्या तोंडाची. पाटलाची सून असो की मोळी विकणारी, सुईण सगळ्यांवर सारखीच ओरडायची. "अगं रडतेस काय, कुंथ! सगळा जोर खाली लाव!" बायका तिला घाबरत, आणि अडल्या की तिलाच बोलावत.

वय झालं तसे डोंगर चढून-उतरून तिचे गुडघे दुखू लागले. अशात राजवाड्यातून निरोप आला. राणीला दिवस गेले होते आणि तिथे कायमची सुईण हवी होती. राहायला खोली, दोन वेळचं जेवण आणि चढायला डोंगर नाही. सुईण त्याच दिवशी निघाली.

राजवाड्यातल्या सगळ्या बायकांवर एका कारभारणीची देखरेख होती. तिने सुईणीला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "बाई, तुमच्या हातांबद्दल ऐकलंय मी. हात राहू देत. बाकी सगळं बदलावं लागेल."

आणि सगळं बदललं. विटकं लुगडं जाऊन रेशमी काठाचं आलं. तंबाखू सुटली. हातात जड पाटल्या आल्या. "अगं" म्हणायचं नाही, "राणीसाहेब, आपण" म्हणायचं. आवाज दाराबाहेर जाता कामा नये. सुरुवातीला सुईणीची जीभ अडखळे. मग सवय झाली आणि, खरं सांगायचं तर, तिला ते आवडूही लागलं. उभ्या आयुष्यात तिला कुणी "बसा" म्हटलं नव्हतं. आता दासीसुद्धा अहोजाहो करत.

मध्यंतरी एका सरदाराच्या सुनेचं बाळंतपण तिने या नव्या रीतीने केलं. "ताईसाहेब, सोसवेल तेवढा जोर लावावा," असं ती हळूच म्हणत राहिली. सकाळी व्हायचं ते मूल दिवस कलल्यावर झालं आणि सून अर्धमेली झाली. पण "काय अदब आहे!" म्हणून सगळ्यांनी सुईणीची वाहवा केली. तिला ते मनातून खटकलं. तरी ती गप्प बसली, कारण कौतुक कुणाला नको असतं?

मग राणीचे दिवस भरले. पहाटे कळा सुरू झाल्या, ऊन माथ्यावर आलं तरी मूल होईना. राणी पहिलटकरीण, वयाने कोवळी आणि पार थकलेली.

"राणीसाहेब, आपली मर्जी असेल तर आता थोडा जोर..." सुईण पुटपुटली.

"मर्जी नाही," राणीने डोळे मिटले. "मला झोपू द्या."

सुईणीने राणीच्या पोटावर हात ठेवला. मूल दमत चाललं होतं. आणखी घटकाभर असंच गेलं तर दोघांपैकी एकही वाचणार नाही, हे तिला कळून चुकलं. पण कारभारीण दासींना घेऊन दाराशीच उभी होती. राणीवर आवाज चढवणाऱ्याला काय शिक्षा होते, ते तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. खोली जाणार, जेवण जाणार, कदाचित मुंडकंही जाणार.

सुईणीने पाटल्या काढून बाजूला टाकल्या आणि पदर कमरेला खोचला.

"ए पोरी! डोळे उघड! झोपतेस काय, मरायचंय का? माझा हात धर आणि कुंथ!"

राणी दचकली. जन्मात तिच्यावर कुणी ओरडलं नव्हतं. घाबरून तिने हात धरला आणि जोर लावला.

"आणखी! सोडू नकोस! शाब्बास माझी बाय, आणखी एकदा!"

तो आवाज थेट दरबारात ऐकू गेला.

मूल आलं ते निळं पडलेलं. रडेना, हलेना. सुईणीने राजपुत्राचे पाय धरून त्याला उलटं केलं आणि पाठीवर चापट मारली. मग दुसरी मारली. तिसऱ्या चापटीला त्याने टाहो फोडला, आणि सुईण तिथेच मटकन बसून स्वतःही रडली.

कारभारणीने राजाकडे तक्रार नेली. राणीसाहेबांना "ए पोरी" म्हटलं, युवराजांवर हात उचलला! राजाने राणीलाच विचारलं, "हिला शिक्षा काय द्यायची?"

"बाकीच्या सगळ्या मला राणीसाहेब म्हणत नुसत्या उभ्या होत्या," राणी म्हणाली. "मी मरतेय हे मला एकट्या हिने सांगितलं. तिला कुठेही जाऊ देऊ नका."

कारभारीण वरमली. सुईणीला बाजूला घेऊन तिने विचारलं, "मग मी शिकवलेलं सगळंच चुकलं का हो?"

"नाही बाई. लुगडं झकास आहे, मी नेसणार. तंबाखू सोडवलीत, ते तर उपकारच झाले. पण माझं ओरडणं तुम्हाला गावंढळपणा वाटला. त्यात तुमची चूक नाही, तुम्ही कधी बाळंतपण केलं नाहीत. मी शेकड्यांनी केलीत. मला ठाऊक होतं, तरी मी गप्प बसले. चूक माझी."

त्या दिवसापासून बाळंतिणीच्या खोलीत कुणी कसं बोलायचं ते सुईण ठरवू लागली. खोलीबाहेर मात्र ती अदबीनेच बोले.

तात्पर्य : पोटासाठी पोशाख बदलावा, रीतभातही बदलावी, पण ज्याच्या बळावर आपलं काम पार पडतं, ते कुणाच्या कौतुकापायी टाकून देऊ नये.