आडतळ्याच्या गौरीपुढची फुले

आडतळ्यात चैत्रातल्या हळदीकुंकवाला आलात, तर गौरीपुढच्या पायऱ्यांवर एकही ताजे फूल दिसणार नाही. मोगरा आहे, चाफा आहे, कमळे आहेत, पण सगळी भेंडाची. हे समोरचे तळे दिसते ना, त्यात भेंड उगवते. त्याचे दांडे वाळवून सोलले की आत पांढरा, हलका गाभा निघतो. त्याचा पातळ पापुद्रा काढायचा, पाकळ्या कापायच्या, दोऱ्याने बांधायच्या, हळदीत नाहीतर कुंकवाच्या पाण्यात बुडवायच्या. चैत्राच्या उन्हात खरे फूल दुपारपर्यंत मान टाकते, म्हणून ही सोय. एवढे कुणालाही कळते. पण हळदीकुंकवाला आलेली बाई गौरीच्या पाया पडण्याआधी थेट स्वयंपाकघरात का शिरते, हे बाहेरच्यांना कळत नाही. ते सांगते. ऐकून आमच्या गावाला नावे ठेवलीत तरी चालेल, आम्हीही ठेवतो.

फार पूर्वी या गावात आवडाबाई म्हणून एक होती. तिच्या आरशीसारख्या नितळ पाकळ्या पंचक्रोशीत कुणाला जमत नसत, असे सांगतात. तिची सून चिमा, डोंगरापलीकडच्या निवेवाडीची. लग्न झाल्यापासून चिमा माहेरी गेली नव्हती. तिची आई ठकूबाई न्यायला आली की आवडाबाई म्हणायची, पोरीच्या हाताला वळण नाही, गौरीची आरास मांडण्याइतकी तयार झाली की खुशाल घेऊन जा. चैत्रात गौरसुद्धा महिनाभर माहेरी येते, पण चिमाचा चैत्र सासरच्या चुलीपुढेच जायचा.

त्या वर्षी आवडाबाईची बोटे आखडली. वाताने असेल. पाते धरवेना, दोरा ओढवेना. ही गोष्ट तिने नवऱ्यालाही सांगितली नाही. चिमाला मागच्या खोलीत बसवले आणि सगळी फुले तिच्याकडून करून घेतली. चिमाने अशी फुले केली म्हणे, की आवडाबाई दारात उभी राहून नुसती बघत राहिली. हळदीकुंकवाच्या दिवशी सुनेचे नाव सांगायचे, असे तिच्या मनात होते. निदान गावातल्या बायका तरी तसे म्हणतात. आपल्या माणसाला थोडे सांभाळून घ्यायची आम्हाला खोड आहे.

हळदीकुंकवाला गाव लोटला. ठकूबाईही उन्हातून चालत आली होती, या वेळी तरी लेक मिळेल म्हणून. आरास बघून बायका थक्क झाल्या. आवडाबाईचा हात वयाने उलट सुधारला, असे पाटलीणबाई म्हणाल्या. आवडाबाई खाली मान घालून हसली. तेवढ्यावर राहिले असते तरी निभावले असते. पण ठकूबाई पुढे झाली आणि तिने सरळ विचारले, ही सगळी तुमच्याच हातची का? सगळ्या बायका बघत होत्या. आवडाबाई ‘हो’ म्हणाली.

त्याच वेळी चिमा आतून कैरीच्या डाळीचे पातेले घेऊन येत होती. ठकूबाईने तिला सगळ्यांसमोर उभे केले आणि चांगलेच सुनावले. एवढी गुणाची सासू मिळूनही तुला काही घेता येत नाही, मला खाली बघायला लावलेस, असे बरेच बोलली. मग विहिणीपुढे तिने हात जोडले.

“माझी पोर ठोंबी हाय, विहीणबाई. माझंच शिकवणं कमी पडलं. आता ती असली फुलं कराय लागल्याशिवाय तिला माझ्याकडं धाडू नका.”

चिमाने डाळ वाढली. पहिली वाटी आईला दिली. ठकूबाई पन्हे न घेताच उठली आणि एकटीच निवेवाडीला परत गेली.

त्या संध्याकाळी गौरीचा झोपाळा हलेना, असे सांगतात. आवडाबाई झोका देई आणि झोपाळा जागच्या जागी थांबे. दोरीला पीळ पडला असेल असे मी म्हणते, पण माझे कुणी ऐकत नाही. आवडाबाईला मात्र कारण ठाऊक होते. तिला त्या फुलांकडे बघवेना आणि सुनेकडे तर नाहीच. चिमाने एका शब्दाने तक्रार केली असती तर बरे वाटले असते, पण ती खरकटी भांडी घासत बसली होती.

सकाळी आवडाबाईने सगळी फुले पाटीत भरली, पाटी स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि सुनेला बरोबर घेऊन ती डोंगर चढली. निवेवाडीच्या विहिरीवर बायका पाणी भरत होत्या, त्यांत ठकूबाई होती. तिथेच आवडाबाईने पाटी खाली ठेवली.

“ही चिमाच्या हातची हायती. मी काल खोटं बोलले. माझी बोटं गेली, आन् मला ते सांगवलं नाही.”

ठकूबाईने एक फूल उचलले, फिरवून बघितले. मग लेकीकडे वळली आणि म्हणाली, “मग तू का गं तोंड उघडलं नाहीस?”

चिमा म्हणाली, “तू आत्याबाईंना इचारलंस, आये. मला कुठं इचारलंस?”

पुढे चिमा महिनाभर माहेरी राहिली. आवडाबाईचे एका अर्थी सोपे झाले. केलेले पाप चारचौघींत बोलून ती मोकळी झाली. ठकूबाईने तर काही खोटे केले नव्हते, तिने फक्त लेकीला सोडून दुसरीला विचारले होते. ते ती कुणाकडे जाऊन कबूल करणार? महिनाभर ती लेकीला रोज गोडधोड करून घालत होती आणि तिच्या नजरेला नजर देत नव्हती, असे निवेवाडीचे लोक आजही सांगतात.

आजही आडतळ्यात हळदीकुंकवाला आलेली बाई आधी स्वयंपाकघरात जाते. चुलीपाशी, मोरीपाशी जी कुणी खाली मानेने काम करत असेल, तिला विचारते, “फुलं कुणाच्या हातची?” ती सांगेल ते नाव ऐकून मगच गौरीच्या पाया पडायचे. त्या मुलीची आई आली असेल, तर बाकीच्या बायका दारातच थांबतात आणि आईला एकटीला आत जाऊ देतात. उत्तर तिला बहुतेक वेळा माहीत असते. तरी विचारताना तिचा आवाज खाली जातो.