उजवीकडची चीर

“पण बाई, सहाशे एकेचाळीस जण एकदमच कसे चुकतील?”

खांबेटे बाईंनी आणखी एक साल काढली. व्हरांड्यात सतरंजीवर बसून त्या नवलकोल सोलत होत्या.

उद्धव कारखानीस हा त्यांचा तीस वर्षांपूर्वीचा विद्यार्थी. आता मेंदूशास्त्रातलं बडं प्रस्थ. एकशे बारा शोधनिबंध, आणि जगभरच्या लोकांनी त्यांचे दिलेले हजारो संदर्भ. मिरजेला बाईंकडे येतानाही स्वारीने ती तेवीस पानी यादी बरोबर आणली होती. सोमवारी ती एका मोठ्या पुरस्कारासाठी जायची होती. बाईंनी एकदा नजर टाकावी, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

बाईंनी यादी घेतली, शेजारी पसरली आणि तिच्यावर साली टाकायला लागल्या. कागद चांगला जाड आहे म्हणाल्या.

उद्धवचा चेहरा पडला. पण त्याचं खरं दुखणं वेगळंच होतं, आणि ते सांगितल्याशिवाय त्याला परत जाता येणार नव्हतं.

यादीतला पहिलाच निबंध, ज्याने त्याचं नाव झालं तो, चुकीचा होता.

उंदराच्या मेंदूत भीतीची आठवण डावीकडे जास्त साठते, असं त्याने छापलं होतं. मेंदूचे पातळ काप पाण्यात तरंगताना उलटसुलट होतात, म्हणून कापण्याआधी एका बाजूला बारीक चीर देऊन ठेवतात. बाईंच्या प्रयोगशाळेत ती नेहमी डावीकडे असायची. उद्धवकडे काप करणारे गृहस्थ मात्र दुसरीकडे शिकलेले. ते उजवीकडे देत. पेशी उद्धवने स्वतः मोजल्या, डोळे दुखेपर्यंत मोजल्या. चिरेची बाजू डावी धरून चालला; ती कुठल्या बाजूला दिलीत, एवढं मात्र विचारलं नाही. आपण शिकलो त्याहून वेगळी पद्धत असू शकते, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

आठ महिन्यांपूर्वी जुन्या वहीत त्या गृहस्थांचं अक्षर दिसलं: चीर उजवीकडे. तेव्हापासून त्याला अन्न गोड लागत नव्हतं. आज बाईंना त्याने हे सगळं सांगितलं होतं, आणि मग त्या निबंधाचा संदर्भ देणाऱ्या सहाशे एकेचाळीस जणांची ढाल पुढे केली होती.

“त्यातल्या कुणी करून पाहिलं?” बाईंनी विचारलं.

“काय?”

“तुझा प्रयोग.”

उद्धवने यादीवरची एक साल उचलून बाजूला ठेवली.

“नाही. सगळ्यांनी नुसता संदर्भ दिला.” मग तो चाचरत म्हणाला, “एका मुलीने केला.”

त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. तेजपूरच्या जोनाली बोराचं पत्र होतं. पीएचडीसाठी तिने तोच प्रयोग तीनदा केला होता आणि तिन्ही वेळा उजवी बाजू आली होती. माझं कुठे चुकतंय ते सांगाल का, असं तिने विचारलं होतं. तिचे मार्गदर्शक म्हणत होते, तुझ्या हाताला हे काम जमणार नाही. महिनाअखेरीला ती सगळं सोडणार होती. पत्राला तीन आठवडे झाले होते आणि उद्धवने उत्तर दिलं नव्हतं.

बाईंनी सुरी खाली ठेवली. पदराला हात पुसले. आत जाऊन चष्मा घेऊन आल्या.

तेवीस पानांसाठी आणला नव्हता. ते लक्षात आलं आणि उद्धवला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाईंनी पत्र दोनदा वाचलं. मग नवलकोलाची पातळ चकती काढली, तिच्या कडेला नखाने चीर पाडली आणि त्याच्या तळहातावर ठेवली.

“डावी बाजू कुठली?”

त्याने चकती पाहिली. उलटी केली. पुन्हा सुलटी केली...

“चीर कुठे दिलीत ते तुम्ही सांगितल्याशिवाय मला कसं कळणार?”

“आणि तिला?”

उद्धवने चकती दुसऱ्या हातात घेतली. मग त्याने फोन काढला. पत्राखाली नंबर होता.

पलीकडून आवाज आला. आडवळणं न घेता त्याने सगळं सांगून टाकलं. चूक माझी आहे, तुझी बाजू बरोबर आहे, निबंध मी मागे घेतोय, तुझ्या मार्गदर्शकांनाही आजच लिहितो.



जोनाली आधी रडली. मग हसली. आणि मग चक्क विचारलं, तुमचे जुने काप अजून ठेवलेत का, मला बघायला मिळतील का.

“सगळे पाठवतो,” उद्धव म्हणाला.

फोन ठेवून त्याने भिंतीला पाठ टेकली. आठ महिन्यांत पहिल्यांदा छाती भरून श्वास आला. चकती अजून हातातच होती, ती त्याने खाऊन टाकली. गोड लागली.

पुरस्काराचं आता काही खरं नव्हतं. पहिला निबंध गेला, त्याच्या आधारावर उभे असलेले आणखी किती जातील कुणास ठाऊक. तरी त्याला इतकं सुटल्यासारखं वाटत होतं, की हसूच येत होतं.

बाईंनी यादीवरच्या साली बादलीत झटकल्या आणि ओला कागद त्याच्यापुढे धरला.

“ती मुलगी आता निबंध लिहील,” त्या म्हणाल्या. “सहाशे एकेचाळीस संदर्भ घेतलेस... आता एक दे.”