सशिणीचं बिऱ्हाड

जिथे जंगल संपतं आणि गवत सुरू होतं, अशा एका माळावर एक सशीण आपल्या लेकीला घेऊन राहत असे. लेक एकुलती. म्हणजे जन्मली तेव्हा तिला दोन भावंडं होती, पण ती नीट पळायला शिकण्याआधीच घारीने नेली. तेव्हापासून सशिणीचा सगळा जीव या एवढ्याशा पोरीत अडकलेला. त्यात त्या उन्हाळ्यात माळाला वणवा लागला. मायलेकी कशाबशा वाचल्या, पण गवत गेलं, झुडपं गेली, जिकडे पाहावं तिकडे राखच राख. काळ्या राखेवर भुरा ससा किती लांबून दिसतो, हे घारीला का कोणी सांगायला हवं? बिऱ्हाड हलवणं भाग होतं.

आता मुलांनो, सशांची एक रीत तुम्हाला ठाऊक हवी, नाहीतर या आईचा घोर तुम्हाला कळायचा नाही. सशीण दिवसभर पिल्लाजवळ बसत नाही. बसली तर तिच्या अंगाच्या वासावर कोणीतरी माग काढत येतं. म्हणून ती पिल्लाला गवतात दडवते, आपण लांब निघून जाते आणि सांज झाली की येऊन दूध पाजते. म्हणजे पोर दिवसभर एकटं, शेजाऱ्यांच्या भरवशावर. नवी जागा कशी असेल, तिथे कोण राहत असेल, पोर काय शिकेल, या काळजीने सशिणीच्या घशाखाली गवताची काडी उतरेना.

तिची ही दशा पाहून एक साळुंकी फांदीवरून खाली उतरली. साळुंकी मनाने चांगली, फक्त न विचारता सल्ला देण्याची हौस दांडगी. ती म्हणाली, "अगं, एवढा विचार कसला करतेस? बांबूच्या बनात जा की! सगळ्या जंगलात अशी जागा नाही बघ. सावली आहे, पाणी आहे आणि शांत तर इतकं, की पान पडलेलं ऐकू येतं. शाळा म्हणशील, तर खुद्द मोरगुरुजींची!"

सशीण भर दुपारी जागा पाहायला गेली. वाटेत बाभळीचा एक माळ लागला. तिथे सातभाई पक्ष्यांचा थवा धुळीत लोळत होता आणि काय तो कलकलाट! एक ओरडला की सगळे ओरडत, एक चिडला की सगळे चिडत. सशिणीने कान पाठीला चिकटवले. "शी बाई! इथे पोर झोपेल तरी कशी?" असं म्हणून तिने पाय उचलले. सशाच्या जातीला वाटतं, आवाज म्हणजे धोका आणि शांतता म्हणजे सुख. तिच्या आईनेही तिला हेच शिकवलं होतं.

बांबूचं बन खरोखरच सुरेख होतं. पाचोळा मऊ, गवत कमरेएवढं, गारवा. दुपारची वेळ, जो तो आपापल्या बिळात. एका बिळाच्या तोंडाशी साळिंदर पेंगत होतं. सशिणीने अदबीने विचारलं, "काका, इथे लहान पोरीला धोका तर नाही ना?" साळिंदराने एक डोळा उघडला. "छे, छे! माझा जन्म इथे गेला. आजवर कोणी माझ्या वाटेला गेलेलं नाही. इथे कोणी कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही." सशिणीला हायसं वाटलं. पुढे मोरगुरुजींची शाळा पाहिली आणि तिचे डोळे भरूनच आले. मोराची पिल्लं एका रांगेत ताठ उभी होती, माना वर, नजर समोर. गुरुजी दिसताच सगळ्यांनी एका सुरात "नमस्कार, गुरुजी!" म्हटलं. आपली लेकही अशीच त्या रांगेत उभी राहील, या नुसत्या विचाराने ती हरखून गेली. तिने आणखी कोणाला काही विचारलं नाही.

दुसऱ्याच दिवशी बिऱ्हाड आलं. लेक सकाळी थोडा वेळ शाळेत जाई, मग गवतात दडून बसे. पण एका सांजेला ती आईला म्हणाली, "आई, इथे माझ्याशी कोणी बोलत नाही गं." सशिणीने तिचे कान चाटले. "नवीन आहोत ना आपण, सोने. होईल ओळख." तिच्याही मनात कुठेतरी खुपलं होतं, पण इतकी शोधून काढलेली जागा चुकली, असं कोणाला कबूल करावंसं वाटतं?

मग एक दिवस असा आला, की आठवला तरी सशिणीच्या अंगावर काटा उभा राही. ती सांजेला परतत होती, तोच तिला बांबूंमधून एक रानमांजर येताना दिसलं. दबकत दबकत, अगदी पोरीच्या दिशेने. "हलू नकोस, बाळा, हलू नकोस," सशीण मनात म्हणत होती. आणि पोरीने काय करावं? गवतातून बाहेर आली, मागच्या पायांवर ताठ उभी राहिली, मान वर केली आणि गोड आवाजात म्हणाली, "नमस्कार!" मोठं कोणी समोर आलं की असंच करायचं, हे तिला गुरुजींनी शिकवलं होतं ना!

रानमांजरसुद्धा क्षणभर चकित झालं. तेवढ्या क्षणात सशिणीने उडी घेतली. ती मांजराच्या नाकासमोरून सुसाट गेली, वळली, पुन्हा आडवी गेली. मांजर पोरीला सोडून तिच्या मागे लागलं. ओढा, काटेरी जाळी, पुन्हा ओढा. सशिणीला पाय आहेत की नाहीत तेही कळेना. शेवटी मांजर दमलं आणि मुकाट निघून गेलं. सशीण धापा टाकत परत आली, तेव्हा लेक अजून तशीच ताठ उभी होती. "आई, माझं काही चुकलं का?" तिने विचारलं. सशिणीने तिला पोटाशी घेतलं आणि ती ढसाढसा रडली.

साळिंदर बिळाच्या तोंडाशीच बसलेलं होतं. "काका, तुम्ही पाहिलंत?" सशिणीने विचारलं.

"पाहिलं की. रोजच जातं ते मांजर इथून."

"रोज? मग मला आधी का नाही सांगितलं? निदान आज तरी एक हाक मारायची!"

साळिंदर ओशाळलं. त्याने पाठीवरचे काटे खुळखुळवले. "अगं, मला त्याचं कधी भय वाटलंच नाही. तू धोक्याचं विचारलंस, मी माझ्या पाठीवरून सांगितलं. खोटं बोललो नाही गं मी."

आणि ते खरंच होतं, मुलांनो. त्याच्यावर रागावून काय करता? बन सुरक्षित होतं, पण काटेवाल्यांना. मोरगुरुजींना हे समजलं तेव्हा त्यांनी तर पिसारा जमिनीला टेकवला. म्हणाले, "बाई, माझी पिल्लं ताठ उभी राहतात आणि तिथूनच भुर्रकन फांदीवर जातात. तुझ्या लेकीला पंख नाहीत, हे माझ्या ध्यानातच आलं नाही." गुरुजी वाईट नव्हते. पण त्यांची शाळा पंखवाल्यांची होती, आणि सशिणीने रांग पाहिली, पंख पाहिले नाहीत.

आता पुन्हा जागा शोधणं आलं. या वेळी सशीण शहाणी झाली होती. तिने साळुंकीला विचारलं नाही आणि दुपारीही गेली नाही. सांजेला, जेव्हा भुकेली तोंडं बाहेर पडतात तेव्हा, पोरीला सोबत घेऊन ती त्या बाभळीच्या माळावर एका दगडाआड बसली आणि नुसतं पाहत राहिली. सातभाईंचं भांडण रंगात आलेलं होतं. किडा कोणाचा, यावरून नुसता कल्ला. त्या कल्ल्यापलीकडे बोरीच्या झुडपाखाली एक लावरी, जमिनीवरच राहणारी बुटकी पक्षीण, मुलांना शिकवत होती. तिची स्वतःची पिल्लं होती, तित्तराची होती, एक मुंगसाचंसुद्धा होतं. सगळी धुळीने माखलेली, रांगेचा तर पत्ताच नाही.

"वरून सावली पडली की काय करायचं?" लावरीने विचारलं.

"चपटं!" सगळी पोरं जमिनीला चिकटली. मुंगसाची शेपटी तेवढी वर राहिली, ती लावरीने चोचीने खाली केली.

"बाई, पण ती ढगाची सावली असली तर?" तित्तराच्या पिल्लाने विचारलं.

"छान विचारलंस. तरी चपटंच. ढगापुढे चपटं झालं म्हणून कोणाचं काही बिघडत नाही."

सशिणीची लेक खुदकन हसली. फार दिवसांनी हसली होती. एवढ्यात सशिणीचे कान टवकारले. गवतातून एक साप सरसरत बोरीकडे निघाला होता. तिने लेकीला आणखी जवळ ओढलं. फांदीवरच्या एका म्हाताऱ्या सातभाईने त्याला पाहिलं मात्र, सातभाईंचं सगळं भांडण जागच्या जागी थांबलं. सगळा थवा एकदम खाली उतरला आणि सापाभोवती असा काही आकांत मांडला की विचारू नका. कोणी शेपटीला टोचतंय, कोणी डोळ्यांसमोर फडफडतंय. लावरीने तेवढ्यात पोरं झुडपात नेली. साप आला तसा गेला. आणि सातभाई? ते पुन्हा किड्यावरून भांडू लागले.

सशीण दगडाआडून बाहेर आली. तिने त्या म्हातारीला विचारलं, "आजी, त्या पिल्लांमध्ये तुमचं कोण होतं?"

"आमचं? आमचं कोणी नाही. आमची तिकडे घरट्यात आहेत." म्हातारीने तिला खालून वर न्याहाळलं. "का गं? पोरं आहेत म्हटल्यावर ओरडायला नको?"

सशिणीने मग आणखी काही विचारलं नाही. तिने तिथेच बिऱ्हाड केलं.

पहिल्याच सांजेला ती परतली, तर गवतातली जागा रिकामी! ती वेड्यासारखी इकडेतिकडे धावली, आणि पाहते तो काय, बोरीच्या झुडपाखाली लावरीच्या पिल्लांच्या घोळक्यात तिची लेक चपटी होऊन बसलेली, कान झाकलेले, नाक धुळीत. वर घार फिरत होती म्हणून सगळ्यांना आत घेतलं होतं. म्हातारी सातभाई फांदीवरून कडाडली, "काय गं ए, ही काय यायची वेळ झाली? पोर कधीची भुकेली आहे!" असं रागावलेलं सशिणीला आयुष्यात इतकं गोड कधी लागलं नव्हतं.

त्या माळावर आवाज फार होता, हे काही खोटं नाही. सशिणीचं डोकं दुखे, झोपमोड होई, लेक घरी येऊन सातभाईंसारखी हुज्जत घालू लागली ते वेगळंच. तरी ती राहिली.

आणि पुढे एका सांजेला असं झालं. सातभाई दूर ओढ्यावर गेले होते, लावरी पाणी प्यायला वळली होती. तित्तराचं एक पिल्लू उघड्यावर किडे वेचत होतं आणि घार खाली येऊ लागली. सशीण जाळीत होती, अगदी सुरक्षित. तिची लेक तिच्या पोटाशी. जिने तिची दोन पोरं नेली तीच ही घार, किंवा तसलीच दुसरी. ससा अशा वेळी श्वाससुद्धा रोखून धरतो. सशिणीने लेकीला जाळीत मागे ढकललं, स्वतः उघड्यावर उडी मारली आणि मागच्या पायांनी जमीन बडवायला सुरुवात केली. धाड, धाड, धाड! माळ दणाणला. पोरं जिथल्या तिथे चपटी झाली. तित्तराचं पिल्लू ढेकळाला चिकटलं. घार सशिणीच्या पाठीवरून गेली, नख्यांनी थोडे केस उपटून गेली आणि रिकाम्या पंजांनी वर निघून गेली.

तित्तरीण धावत आली. तिने पिल्लाला पंखाखाली घेतलं. मग ती एवढंच म्हणाली, "ताई, ते तुमचं नव्हतं हो."

सशिणीने लेकीला जाळीतून बाहेर बोलावलं. "पोर तर होतं ना," ती म्हणाली.

तात्पर्य : लेकराला घेऊन कुठे राहायला जायचं असेल, तर जागेचा बोलबाला ऐकू नये, आपल्या लेकराला जशी गरज आहे तसं तिथे शिकवतात का आणि परक्याच्या लेकरासाठी तिथे कोण धावतं, ते स्वतः जाऊन, धोक्याच्या वेळी पाहावं. आणि एकदा तिथे राहायला गेलं, की धावणाऱ्यांत आपणही असावं.