उभं एकानंच राहायचं

“आणि दोघंही उभे राहिले तर?” वस्तादांनी विचारलं.

“टेक्निकल फाऊल,” बुगड म्हणाला. “समोरच्या टीमला एक फ्री थ्रो फुकट.”

“म्हणजे मॅच चालू असताना बाकापाशी एकानंच उभं राहायचं.”

“एकानंच. हेड कोच, नाहीतर असिस्टंट. एका वेळी दोघं नाही.”

“हेड कोच कोण?”

“मी.”

“आणि असिस्टंट?”

“...आवटीशेठ.”

तालमीच्या दारातल्या खाटेवर बसलेल्या वस्तादांनी चहा बशीत ओतला. फुंकर मारली. प्यायले. पुन्हा ओतला.

निशिकांत बुगड हा ‘कृष्णाकाठ गेंडे’ या प्रोफेशनल बास्केटबॉल टीमचा कोच. आवटीशेठ त्या टीमचे मालक. मालकाला खेळाडूंच्या बाकावर बसता येत नाही, म्हणून यंदा शेठनी स्वतःचं नाव असिस्टंट कोच म्हणून लावून घेतलं. पहिल्या मॅचला बाकावर बसायला मिळालं, तसे ते लगेच उभे राहिले.

ते अजून बसलेले नाहीत.

त्या पहिल्या मॅचला बुगडही उभा राहिला होता. शिट्टी वाजली. गेंडे एका पॉइंटनं हरले. तेव्हापासून शेठ उभे राहिले की बुगड बसतो. पोरांना बाकाकडं बघितलं की शेठचा सफारी दिसतो. सफारीच्या मागं कोच असतो, असं म्हणतात.

आज संध्याकाळी फायनल होती.

“सकाळी फोन आला त्यांचा,” बुगड उभ्या उभ्याच म्हणाला. “म्हणाले, बुगड, जिंकलो तर माझ्यामुळं. हरलो तर तू तुझं सामान उचल.”

“बस की.”

“नको. बसून बसून कंटाळा आलाय मला.”

वस्ताद म्हणजे दगडूआप्पा. गावाबाहेरच्या तालमीत कुस्ती शिकवायचे. एक दिवस कुणीतरी तालमीच्या मागच्या भिंतीला रिंग ठोकली, तेव्हापासून बास्केटबॉल शिकवायला लागले. रिंग कुणी ठोकली, का ठोकली, हे त्यांनी कधी विचारलं नाही. बुगड त्यांच्याच हाताखाली खेळला. आवटीशेठही लहानपणी इथंच यायचे. त्यांना खेळायला कुणी घेत नसे. भिंतीपलीकडं गेलेला बॉल ते आणून द्यायचे.

तालमीची एक रीत होती. वस्तादांच्या पाया पडलं, की त्यांचा हात डोक्यावर येईस्तोवर उठायचं नाही. मग तो पैलवान असो, नाहीतर आमदार.

“बस रं,” वस्ताद पुन्हा म्हणाले. “ऊन लागतंय तुला.”

“लागू दे. आज मी उभा राहणार, वस्ताद. शेठच्या शेजारी. सगळ्या कॅमेऱ्यांसमोर. फाऊल तर फाऊल. नोकरी तर नोकरी. लोकांना कळू दे टीम कोणाची आहे ते.”

“कोणाची आहे?”

“माझी.”

“बरं.”

“तुम्ही फक्त आशीर्वाद द्या.”

वस्तादांनी कपबशी खाली ठेवली. गुडघ्यावर हात टेकले, कण्हले, आणि खाटेवरून उठून उभे राहिले.

बुगड बसला.

खाली फरशीवरच बसला. पाठ ताठ, हात मांडीवर, मान थोडी डावीकडं, जशी सफारीच्या बाजूनं कोर्ट बघायला लागते तशी.

वस्ताद त्याच्याकडं बघत राहिले.

बुगडला हळूहळू कळलं आपण बसलोय ते. कानापर्यंत लाल झाला.

“दोनदा बस म्हटलं, बसला नाहीस,” वस्ताद म्हणाले. “आता कोणी बसवलं?”

“...कुणी नाही.”

“मग ऊठ.”

बुगडनं जोर लावला. अर्धा उठला. आणि त्याची नजर आपोआप इकडंतिकडं रेफरी शोधायला लागली. तो तसाच राहिला. धड बसलेला नाही, धड उभा नाही.

वस्ताद पुन्हा खाटेवर टेकले. तेव्हा कुठं बुगडला उठता आलं.

त्यानं पँटची धूळ झटकली.

“मी काय करू, वस्ताद?”

“मॅचचा जादा पास आहे का?”

“आहे.”

“चहा मिळतो तिथं?”

“मिळतो. कागदी कपात.”

“मग कपबशी मी घरून आणतो.”

*

हॉल गच्च भरला होता. शेठनी दोन्ही रिंगांखाली नारळ फोडून घेतले होते. एका रिंगेखाली समोरच्या टीमचा खेळाडू खोबऱ्यावरून घसरला. शेठनी ते शुभ मानलं.

शेठ उभे होते.

बुगड बसला होता. दोनदा उठायला गेला, दोनदा गुडघे मध्येच थांबले. शेठ न वळता म्हणाले, “बुगड, फाऊल बसेल हं.”

मॅच संपत आली तेव्हा गेंडे एका पॉइंटनं मागं होते. शेवटचा टाइमआउट झाला. टाइमआउटमध्ये सगळ्यांना उभं राहता येतं, म्हणून बुगड धावत पोरांपाशी गेला. पण शेठ आधीच मधोमध होते.

“उंचाला द्या!” शेठ ओरडले. “बॉल फक्त उंचाला! बाकी कोणी काही करायचं नाही!”

उंच म्हणजे बलविंदर. शेठनी तो खास पंजाबहून आणला होता. शेठचा आवाज हळदीच्या सौद्यात बोली लावून लावून तयार झालेला. समोरच्या टीमलाही ऐकू गेलं. त्यांच्या कोचनं तर शेठकडं बघून मान डोलावली.

“शेठ, मला एक मिनिट...” बुगड म्हणाला.

“मिनिट संपलं, कोच. बसा,” रेफरी म्हणाला.

हॉर्न वाजला. पोरं आत गेली. शेठ लाइनीपाशी उभे राहिले.

बुगड बसला.

बसल्या बसल्या त्यानं ठरवलं. आता उठायचं. हरलो तर हरलो. त्यानं बाकाची कड घट्ट धरली.

तेवढ्यात मागच्या रांगेतून वस्ताद खाली उतरले. सावकाश, एकेक पायरी. सिक्युरिटीवाल्यानं त्यांना अडवलं नाही, कारण तोही तालमीतलाच होता. वस्ताद थेट लाइनीपाशी गेले आणि शेठच्या शेजारी थांबले.

शेठची नजर गेली. टीव्हीचा कॅमेरा तिकडंच होता. एका पॉइंटनं मागं, आणि वस्ताद स्वतः चालत आलेले! असला आशीर्वाद कोण सोडतो?

शेठ वाकले. कंबरेतून, पार पायांपर्यंत.

रेफरीनं बॉल आत दिला.

बुगडच्या समोर आता सफारी नव्हता. कोर्ट होतं. सगळं कोर्ट.

त्याला कळलंच नाही, आणि तो उभा होता.

रेफरीनं तिकडं पाहिलं. शिट्टी तोंडात घातली. उभ्या बुगडकडं बघितलं. वाकलेल्या शेठकडं बघितलं. वाकलेला माणूस उभा धरायचा की नाही, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्यानं शिट्टी तोंडातून काढली.

पोरांनी बाकाकडं बघितलं आणि पहिल्या मॅचनंतर पहिल्यांदाच त्यांना कोच दिसला. टीममधल्या बुटक्या इम्तियाजला तर ओळखायला क्षणभर लागला.

बुगड ओरडला नाही. त्यानं फक्त इम्तियाजकडं बोट केलं. तू.

बलविंदरनं दोन्ही हात वर केले. समोरच्या टीमचे तिघं त्याच्यावर तुटून पडले. उंचालाच द्यायचंय, हे त्यांनी शेठच्याच तोंडून ऐकलं होतं. इम्तियाज एकटा राहिला. कोपऱ्यात, हातात आलेला बॉल घेऊन. इतका एकटा, की त्यानं मारायच्या आधी एकदा मागं वळून बघितलं.

मग मारला.

बॉल रिंगेच्या कडेवर बसला. फिरला... पुन्हा फिरला...

आत पडला. हॉर्न वाजला.

हॉल उठला. गुलाल उधळला. शेठ अजून वाकलेलेच होते. कुणीतरी त्यांच्या पाठीवरही गुलाल टाकला. मग खेळाडूंनी त्यांना तसंच, घडी घातलेलं, उचलून खांद्यावर घेतलं.

थोड्या वेळानं शेठ टीव्हीवाल्यांपुढं उभे होते. “निर्णायक क्षणी मी नतमस्तक झालो,” ते म्हणत होते, “आणि टीमला दिशा मिळाली.”

जाता जाता त्यांनी बुगडच्या खांद्यावर थाप मारली.

“पुढच्या सीझनला पण तूच रे कोच. काळजी करू नको. फक्त मघाशी उभा राहिलास म्हणे?”

“...हो.”

“ते बघ जरा.”

आणि गेले.

*

हॉल रिकामा झाला. वस्ताद पहिल्या रांगेपाशी उभे होते. बुगड त्यांच्यासमोर आला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, केसांत गुलाल होता.

तो वाकला. पायांवर डोकं ठेवलं.

“वस्ताद, आज तुम्ही त्यांना वाकवलंत,” तो खालूनच म्हणाला. “पण दरवेळी तुम्ही थोडेच येणार? पुढच्या मॅचला ते परत उभे राहतील. मग मी काय करू?”



बुगड थांबला. डोक्यावर हात यायची वाट बघत राहिला. कंबर भरून आली. वरती फुर्र... असा आवाज आला.

“वस्ताद...”

“हं.”

“हात ठेवा ना डोक्यावर. मला उठता येत नाहीये.”

“एका हातात कप आहे, एका हातात बशी. मघाशी शेठ वाकला, तेव्हाही होती... तू कशाची वाट बघतोयस?”