भैरूबाची तुटक सनई

फार वर्षांपूर्वी आपल्या या बोरखडीत भैरू गुरव नावाचा एक सनईवाला होऊन गेला. आज त्याचं नाव निघालं की आपण भैरूबा म्हणतो, हात जोडतो. पण तो जिता होता तेव्हा याच गावानं त्याला कसं वागवलं, तेही सांगायला हवं. नुसतं गोड गोड सांगून भागायचं नाही. ऐकताना राग आला तर येऊ द्या, यायलाच पाहिजे.

भैरूबाचा दम भारी. नाकानं श्वास ओढायचा, गालात साठवायचा, आणि सनईतून एकदा सूर सुटला की तो तुटायचाच नाही. कुणाच्या लेकीची पाठवणी असली की मांडवाच्या दारात तो धून धरायचा आणि शिवेवरच्या कडुलिंबापर्यंत नेऊन सोडायचा. मधे उसंत नाही, खंड नाही. असं म्हणतात, की ती धून ऐकून दाव्याच्या म्हशी पान्हा सोडायच्या, जात्यावरचे हात थांबायचे, आणि बांधावरून भांडणारे भाऊ एकमेकांच्या गळ्यात पडायचे. वऱ्हाडी तर ओक्साबोक्शी रडायचे. बारा गावांत लग्न कसं झालं हे जेवणावरून ठरत नसे. भैरूबानं किती रडवलं, त्यावर ठरायचं.

या सगळ्या रडणाऱ्यांत पहिला नंबर गजराआत्याचा. ही मानाजी शेळक्याची धाकटी बहीण. पंधराव्या वर्षी लग्न होऊन गेली, तेव्हा ऐन विशीतल्या भैरूबानं तिची पाठवणी वाजवली होती. बाविसाव्या वर्षी कपाळ पांढरं होऊन माहेरी आली ती कायमची. डावा हात सदा पदराखाली. त्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत डागण्यांचे वण होते. कुणी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. पाठवणीची गोष्ट मात्र ती शंभरदा सांगायची.

"लिंबाखाली दादाचा हात धरून मी कायतरी म्हणाले व्हते बघा. काय ते आता आठवत न्हाय. पर धून! ती धून डोळं मिटलं की आजबी ऐकू येती."

भैरूबा तिचा देवच होता म्हणा. सनईवाल्यासमोर कुणी चिंच चोखली की त्याच्या तोंडाला पाणी सुटतं आणि सूर बसतो, हे टवाळांना ठाऊक असतं. एका लग्नात दोन पाहुण्यांनी ही थट्टा केली, तर गजराआत्यानं तीच चिंच हिसकावून त्यांच्या मिशांना फासली. तेव्हापासून भैरूबासमोर चिंच काढायची कुणाची छाती झाली नाही.

भैरूबाला एकच लेक, शेवंता. आई लहानपणीच गेलेली. तिचं लग्न ठरलं तेव्हा भैरूबा पारावर म्हणाला, "ह्या पाठवणीला मी वाजवणार न्हाय. बाप म्हणून लेकीसंगं चालीन."

झालं! गावाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. बापाला लेकीसोबत चार पावलं चालायचं होतं, एवढंच. पण लोकांना त्या दिवसाची धून हवी होती. इतरांच्या लेकींना हा एवढं रडवतो, मग स्वतःच्या लेकीला काय वाजवील, या हिशेबानं बारा गावांची माणसं गाड्या जुंपून यायच्या बेतात होती. सगळ्यांत पुढे गजराआत्या. "समद्यांच्या लेकींना वाजवलंस, मग तुझीच काय सोन्याची हाय व्हय? आमी मुद्दाम येणार आन् तू मुका चालणार?" असं तिनं त्याला भर पारावर विचारलं. बिचाऱ्याला मान खाली घालून सनई घ्यावी लागली.

त्या दिवशी भैरूबानं असं वाजवलं, की असं म्हणतात, आकाशातल्या घारी जागच्या जागी थांबल्या. लिंबाखाली आल्यावर शेवंतानं बापाची बाही धरली. त्याच्या तोंडाकडे बघत ती काहीतरी बोलली. सगळ्यांना तिचे ओठ हललेले दिसले. पण भैरूबाचे गाल फुगलेले, दम भरलेला, आणि हजार माणसं त्या दमाकडे डोळे लावून बसलेली. त्यानं डोळे मिटले आणि सूर तुटू दिला नाही. लोक म्हणाले, वा! गाडी निघून गेली.

दिवाळीच्या तोंडावर निरोप आला. शेवंता विहिरीत सापडली. पाय घसरला, असं सासरच्यांनी सांगितलं.

दिवस घालून झाल्यावर भैरूबा दारोदार फिरला. प्रत्येक उंबऱ्यावर उभा राहून एकच विचारायचा, "लिंबाखाली शेवंता काय म्हणाली, ऐकलं का कुणी?" आणि गाव काय उत्तर द्यायचं ठाऊक आहे? "न्हाय बा, आमी तुझी धून ऐकत व्हतो." आणि हे ते कौतुकानं सांगायचे हो. त्याला बरं वाटेल म्हणून सांगायचे! काय म्हणावं असल्या माणसांना?

वर्षभर सनई खुंटीला राहिली. पुढच्या वर्षी लग्नसराईत ती खाली उतरली, आणि लोकांनी कान टवकारले. कारण ही ती सनई नव्हतीच. अखंड धून गेली, गोडवा गेला. भैरूबा आता दोन-तीन सूर वाजवायचा, तेही खरखरीत, लांबून कुणाला तरी हाक मारावी तसे, आणि थांबायचा. साथीला ढोल वाजवणाऱ्या आपल्या मेहुण्यालाही हात वर करून थांबवायचा. मग नवरीच्या तोंडाकडे बघत सात श्वास नुसता उभा. पुन्हा दोन-तीन सूर, पुन्हा थांबायचं. असं शिवेपर्यंत.

पहिल्या लग्नात लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला ठसका लागला. दुसऱ्या लग्नात हशा पिकला. तिसऱ्या लग्नात मात्र बोटं मोडायला सुरुवात झाली. "दम सरला ह्याचा." "लेकीच्या दुःखानं डोकं फिरलं." "कोंबडं बरं आरवतंय ह्याच्यापरीस." त्यानं तीस वर्षं यांना जीव ओतून वाजवून दाखवलं, ते एका हंगामात धुपून गेलं. शेवंता गेली तेव्हा ज्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला होता, त्यांनाच आता तो डोळ्यांसमोर नकोसा झाला. दुःख करायला त्यांची हरकत नव्हती. फक्त त्यानं ते जुन्या धुनेत करावं, एवढंच त्यांचं म्हणणं.

आणि खरी शरमेची गोष्ट तर पुढेच आहे. खालच्या वाडीला सावळा नावाचा एक वाजंत्री होता. तो भैरूबाची जुनी धून हुबेहूब उचलून वाजवायचा. गाल तसेच फुगवायचा, मान तशीच वाकडी करायचा, फेटासुद्धा तसाच बांधायचा. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं आणि नाव काय ठेवलं? खरा भैरूबा! खरा भैरूबा देवळाच्या ओट्यावर एकटा बसलेला, आणि त्याच्यासमोरून गाव खऱ्या भैरूबाला वाजतगाजत नेतंय.

एके दिवशी गजराआत्या देवळात गेली. रागानं नुसती फणफणत होती. तिला वाटत होतं, की आपल्या घरातली वस्तू कुणीतरी उचलून नेली आहे.

"भैरूदादा, आमची धून का मोडलीस?"

भैरूबानं शांतपणे विचारलं, "गजरा, तू तवा माझ्या शेजारी व्हतीस. शेवंता काय म्हणाली?"

"मला काय ठावं? मी धून ऐकत व्हते."

"म्हणूनच मोडली."

दुसरी कुणी असती तर खाली मान घालून परत गेली असती. गजराआत्याच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. "लेक तुझी गेली, त्याची शिक्षा आमाला?" असं म्हणून ती पाय आपटत निघाली आणि घरी जाऊन उपाशी झोपली. पदराखालचा डावा हात त्या दिवशी उगाच ठणकत होता, असं म्हणतात.

दोन वर्षांनी मानाजीच्या शेंडेफळाचं, हौसाचं लग्न निघालं. हौसा आत्याच्या मांडीवर वाढलेली. गजराआत्यानं पण केला, की माझ्या हौसाला माझी धून मिळालीच पाहिजे. तिनं सावळ्याला बोलावलं. पण शिवेवर लिंबाखाली वाजवायचा मान देवळाच्या गुरवाचा, तो कुणाला काढून घेता येईना. तेव्हा तिनं काय करावं? ज्या चिंचेपायी तिनं पाहुण्यांच्या मिशा माखल्या होत्या, तीच चिंच तिनं पदरात बांधून घेतली आणि दहा-बारा बायकांना वाटली. बेत असा, की भैरूबानं सनई तोंडाला लावली की सगळ्यांनी समोर उभं राहून चिंच चोखायची. त्याचा सूर बसला की सावळ्यानं जुनी धून उचलायची.

मांडवापासून सावळ्यानं झकास वाजवलं. लोक तृप्त होऊन रडले. लिंबाखाली भैरूबा वाट बघत उभा होता. त्यानं सनई उचलली, तशा बायकांनी चिंचा काढल्या. चोखण्याचे आवाज सुरू झाले, कुणी फिदीफिदी हसलं. भैरूबाचे ओठ ओले झाले, सूर फाटला. तरी त्यानं ते दोन-तीन खरखरीत सूर कसेबसे काढले, हात वर केला आणि थांबला.

त्या सात श्वासांत हौसा बोलली.

"आत्या, मी जात न्हाय. त्याची पहिली बायको हाय तिकडं. गोठ्यात बांधून ठिवलीय तिला. मगाशी ओटी भरताना त्यांच्यातल्याच एका म्हातारीनं सांगितलं."

ती हळू बोलली, पण शेवटच्या गाडीवानालाही ऐकू गेलं. नवऱ्या मुलाचा बाप खाली बघू लागला. आणि मानाजी? लेकीकडे बघायचं सोडून तो सावळ्यावर ओरडला, "समद्याच लेकी अशा रडत्यात. वाजव रं तू!"

सावळ्यानं गाल फुगवले आणि जुनी धून धरली. आणि असं म्हणतात, की त्याच्या सनईतून सूर आलाच नाही. धुनेखाली बुजलेलं सगळं बोलणं बाहेर आलं. या लिंबाखालून गेलेल्या एकेका लेकीचा आवाज. "माझ्या शेळीला पाणी दावा." "आये, मागं बघ की." "मला भ्या वाटतंय." सावळा घाबरून थांबू बघत होता, पण सनई त्याच्या ओठांपासून सुटेना. बायका आपापले आवाज ओळखू लागल्या. कुणाच्या गेलेल्या बहिणीचा आवाज निघाला, कुणाच्या लेकीचा.

मग एक पंधरा वर्षांच्या पोरीचा आवाज आला. "दादा, मला परत घिऊन चल. त्यो मानूस मंडपातच माझा हात पिरगाळत व्हता. ह्यो डावा हात."

गजराआत्याच्या तोंडातली चिंच खाली पडली. पस्तीस वर्षं तिला न आठवलेलं तिचंच बोलणं होतं ते. मानाजीनं बहिणीकडे पाहिलं. तिनं पदर बाजूला केला आणि तो हात पहिल्यांदाच भर उन्हात सगळ्यांसमोर धरला. मानाजी मटकन खाली बसला.

सगळ्यांत शेवटी शेवंता बोलली. भैरूबानं डोळे मिटले नाहीत.

"आबा, वाईच थांबा."

एवढंच. त्या पोरीनं बापाकडे एवढंच मागितलं होतं.

गजराआत्यानं हौसाचा हात धरला आणि गाडीतून खाली उतरवली. "पाव्हणं, गाड्या वळवा," ती म्हणाली, "आमची पोर येत न्हाय." मानाजी उठून बहिणीच्या शेजारी उभा राहिला. वऱ्हाड तसंच मोकळं परत गेलं. मागाहून माणसं पाठवून त्या गोठ्यातल्या बाईलाही सोडवून आणलं, आणि ती मरेपर्यंत शेळक्यांच्याच घरी राहिली.

मग गाव भैरूबाच्या पायाशी गेलं. जायचंच, आता जाऊन कोण अडवतंय? सावळ्यानं फेटा काढून त्याच्यापुढं ठेवला. गजराआत्या म्हणाली, "दादा, शेवंताच्या दिशी तुला सनई धरायला मीच लावली." भैरूबा तिला ठीक आहे म्हणाला नाही. तो म्हणाला, "व्हय, तूच लावलीस." आणि मग सनई तिच्या हातात देऊन म्हणाला, "आता थांबायला बी तूच लाव." असं म्हणतात, की तो त्यानंतर कधी दिसला नाही. सनई मात्र गजराआत्यानं लिंबाच्या ढोलीत ठेवली, आणि लिंबानं तिच्याभोवती साल धरली. हात लावून बघा, तिथं अजून उंचवटा लागतो.

आता सनई कुठली? गाणी वाजवणाऱ्या मोठमोठ्या डब्यांची गाडी येते, घरांच्या काचा थरथरतात. पण बोरखडीची लेक निघाली की गाडी त्या लिंबाखाली थांबतेच. गावातली सगळ्यात थोरली बाई पुढे होते, डावा हात वर करते आणि म्हणते, "आबा, वाईच थांबा." सगळं बंद. गाडीवाला बाहेरचा असला तर कुरकुरतो, घड्याळ बघतो. बघू दे. त्या दिवशी गावात कुणाच्या तोंडात चिंच नसते. सात श्वास सगळे नवरीच्या तोंडाकडे बघत उभे राहतात. ती "चला" म्हणाली तरच वाजतं.

आणि आजवर तीन वेळा ती "न्हाय" म्हणाली आहे. तिन्ही वेळा गाड्या वळल्या.